अर्ताबुइंक चार बोटं वर

अल दुहैल, दोहा
एप्रिलची अखेर, शुक्रवार सकाळ

तीर्थरूप मामा,

देवव्रतचा वाकून नमस्कार (वाकताना कंबर थोडी धरते, पण तुमच्यासाठी तेवढं चालतं). गेल्या पत्रानंतर या दोन हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोण बोलतोय ते ध्यानात राहील. स्टीलच्या पाइपाच्या तुकड्यातून चकलीचा सोऱ्या. मिटला की विमानातल्या हातबॅगेत मावणारा आकाशकंदील. पंप ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्यांचा देव्हारा, एकही खिळा न मारता. एसीचं ठिबकणारं पाणी तुळशीपर्यंत नेणारी नळी, वाटेत थेंब न सांडता. चार पायांचा पोळपाट (तीन पायांचा डुगडुगत नाही असं सगळे म्हणतात, पण ते मला स्वतः तपासून बघायचं होतं. बघितलं. विभावरी जुनाच वापरते). आणि अर्मेनिया देशातला वायोत्स झोर नावाचा एक अख्खा प्रांत, त्यातली तीन शहरं आणि झाडून सगळी खेडी यांच्यासकट. हे पत्र या शेवटच्या वस्तूबद्दल आहे.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? न्हाणीघरात घसरलात हे तुम्ही कळवलं नाहीत, समोरच्या आसावरीबाईंनी कळवलं. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही साफ नाकारलंत, आणि नाकारत असताना मागे काठी पडल्याचा आवाज आला (आपल्या घरात याआधी काठी नव्हती). मामी गेल्यापासून चांदवडच्या त्या घरात तुम्ही एकटे, आणि ज्यांनी मला लहानाचं मोठं केलं ते घसरल्याचं मला शेजारच्या बाईंकडून कळावं, याबद्दल मी काही बोलणार नाही. दोह्याला या म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं असतं, "तिथं येऊन काय करू देवू, वाळू मोजू?" म्हणून तो विषय या पत्रात अजिबात काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. मी फक्त शेजाऱ्यांची हकीकत सांगतो. ती वाचून तुम्हाला काही सुचलं तर ते तुमचं तुम्हाला सुचलं असं समजा.

शेजारी म्हणजे आमच्या कंपाउंडमधला वारदान. अर्मेनियाचा, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान, गॅसच्या कामावर मोठा इंजिनीअर. गेल्या दिवाळीत मी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला केला होता. (फोटो पाठवला होता. तुम्ही आसावरीबाईंच्या फोनवर तो बघून 'बुरूज वाकडा' एवढंच कळवलंत. बुरूज वाकडा नव्हता, फोटो काढताना विभावरीचा हात वाकडा होता.) हा वारदान रोज ऑफिसातून आला की गाडी लावून त्या किल्ल्यासमोर उभा राहायचा. फेब्रुवारीत एकदा घरी आला, चहा घेतला. मग म्हणाला की त्याचे वडील गावी एकटे असतात, आई मागच्या वर्षी गेली, थंडीत बर्फावरून घसरून त्यांचा खांदा निखळला आणि ते त्यांनी कळवलं नाही. (विभावरीनं माझ्याकडे बघितलं.) त्यांना तो इथे कायमचं आणणार होता. म्हातारा यायला तयार झाला होता, पण दोन आठवड्यांपुरता, परतीचं तिकीट आधी दाखवलंस तरच, या अटीवर. वारदानचं म्हणणं असं, की तू मातीतून डोंगर करतोस तर माझ्या बाबांचा मुलूख करून दे, समोर असला तर कदाचित त्यांचं मन रमेल.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघू. मी म्हणालो, होईल. दहावीनंतर कुठल्याही शाळेची पायरी मी चढलेलो नाही, ड्रॉइंगचं काम दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत शिकलो, आणि आज माझ्या हातचं ड्रॉइंग परत येत नाही. किल्लाही मला कुणी शिकवला नाही. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून चुका काढत बसायचात, त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

तर वायोत्स झोर. हा प्रांत म्हणजे आपला चांदवड, सटाणा, कळवण हा सगळा डोंगराळ टापू उचलून थंड हवेत नेऊन ठेवावा तसा, सगळा डोंगर आणि दऱ्या, मधून अर्पा नावाची नदी. शहरं तीन. वरच्या अंगाला जेर्मुक, तिथलं औषधी पाणी बाटल्यांतून विकतात. नदीच्या काठानं खाली वायक. आणि आणखी खाली येघेग्नाझोर, हे मुख्य ठिकाण (हे नाव न अडखळता म्हणायला मला आठवडा लागला, विभावरी अजून 'ते लांबलचक' म्हणते). खेडी मात्र पुष्कळ. अरेनी, चिवा, रिंद, गेताप, मालिश्का, हेरहेर, मार्तिरोस, पार सीमेजवळ उंचावर खाचिक, आणि उत्तरेला डोंगराच्या कुशीत अर्ताबुइंक. वारदानचे बाबा, हरांत आजोबा, या अर्ताबुइंकचे. आणि मामा, त्या गावाच्या वरच्या धारेवर खराखुरा किल्ला आहे. जुना, दगडी, तटबंदीसकट. हे कळलं त्या क्षणी माझी खात्री पटली की हे काम योग्य माणसाकडे आलेलं आहे.

आठ फूट बाय पाच फुटांचं टेबल केलं. उपग्रहाचे नकाशे मिळवून उंचीच्या रेघांप्रमाणे पुठ्ठे कापले, एकावर एक चढवले, अबू हमूर भागातल्या वाण्याकडून तांदळाची रिकामी पोती आणून ती प्लॅस्टरमध्ये बुडवून वरून पसरली. इथे आपल्यासारखी माती नाही, म्हणून नर्सरीतला नारळाचा भुसा आणि वाळू कालवून वरचा थर दिला. डोंगरांची उंची मात्र तिप्पट धरली, कारण आहे तेवढी धरली तर आठ फुटांच्या टेबलावर डोंगर हा गादीवरच्या सुरकुतीसारखा दिसतो. हे शास्त्रोक्त आहे, सगळे धरतात. प्रत्येक गावाला काडीचं निशाण लावलं आणि त्यावर नाव लिहिलं, माझ्या अक्षरात, देवनागरीत. (वारदानची बायको गायाने हिनं नंतर हळूच विचारलं की हे वाचणार कोण. मी म्हटलं, मी आहे ना.) एका जुन्या मठाचा घुमट करताना हात आपोआप कळसाकडे गेला, तो तासून परत घुमट केला. किल्ल्याच्या बाबतीत मात्र मी थोडा वाहवलो. दरवाजा गोमुखी झाला, आतून वळण घेणारा, आपल्याकडे असतो तसा. शिवाय दाराशी दोन मावळे ठेवले, भालेवाले. महाराजांना ठेवलं नाही, दुसऱ्याच्या मुलखात न विचारता कसं ठेवायचं. पण किल्ला आणि पहारा नाही, हे माझ्या हातून होणं शक्य नव्हतं.

आणि अर्थातच अळीव पेरलं. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही, पाऊल उचलल्यासारखं ते होतं. वाण्याकडे गेलो, तो केरळचा, त्याला अळीव कळेना, पण रंग आणि आकार सांगितल्यावर त्यानं लगेच पुडी काढली. अरब लोक 'रशाद' म्हणून घेतात म्हणे. हिशोब असा होता की आजोबा उतरतील त्या दिवशी बोटाच्या पेराएवढी हिरवळ असेल, डोंगर मखमली दिसतील आणि निशाणं वर डोलतील. हिशोब बिनचूक होता. आजोबांचा व्हिसा आठवडाभर उशिरा आला, तो माझ्या हिशोबातला भाग नव्हता. टेबल वारदानच्या काचेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं, तिथे ऊन भरपूर, आणि गायाने बिचारी मी सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होती. अळीव वीतभर वाढलं. अरेनी गेलं, मालिश्का गेलं, जेर्मुकचा नुसता अंदाज उरला. मावळ्यांच्या भाल्यांची टोकं तेवढी दिसत होती. वारदानचा ऑफिसात फोन आला की देवव्रत, माझा प्रांत कुठे आहे. मी म्हटलं खाली आहे, सुरक्षित आहे, संध्याकाळी कात्री घेऊन येतो.

पण आजोबा त्याच सकाळी उतरले होते. संध्याकाळी मी विभावरीची शिवणाची कात्री घेऊन गेलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता. आजोबा दिवाणखान्यात दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले, अंगात कोट, पायाशी बॅग, बॅगेचं कुलूप तसंच. गायाने स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. तिनं सांगितलं की आल्यापासून त्यांनी पाणी सोडून काही घेतलं नाही. खोली दाखवली तर म्हणाले चांगली आहे, पण माझी नाही. परतीचं विमान दोन आठवड्यांनी कशाला, उद्याचं बघा म्हणाले. वारदान बाहेर गाडीत बसून कुणाला तरी फोन केल्याचं नाटक करत होता. मला कळलं की आता सगळं माझ्यावर आहे, आणि माझा प्रांत तर गवताखाली.

मी त्यांना हात जोडून नमस्कार केला आणि व्हरांड्याकडे खूण केली. ते उठले (बॅग हातात घेऊनच उठले) आणि टेबलाशी येऊन उभे राहिले. मी कात्री सरसावली. त्यांनी माझं मनगट धरलं. हात म्हणजे काय सांगू, तुमच्यासारखाच, लाकडी. मग वाकून त्यांनी अळिवाची एक काडी खुडली, हुंगली, चावली, आणि पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "कोतेम." गायाने धावत आली. मामा, अळिवाचा पाला हे लोक खातात. आपल्या अळिवाच्या लाडवासारखं थंडीत, बाळंतिणीला, असं काही नाही, रोज जेवणात ताटाशेजारी मूठभर, आपल्याकडे कोथिंबीर-मेथी कच्ची खावी तसा. ते म्हणाले म्हणे, की याला कात्री कसली लावतो हा माणूस. मग बॅग जमिनीवर ठेवली, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि आतून लाकडी मुठीची छोटी सुरी बाहेर काढली. गायाने माझ्याकडे बघत राहिली. मी कुलपाकडे बघत राहिलो.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रांत खायला घेतला. एका हातात त्यांची ती पातळ पोळी, लवाश, त्यात खारट चीज, आणि दुसऱ्या हातातली सुरी पश्चिमेकडून पुढे सरकणारी. अरेनी मोकळं झालं. चिवा दिसू लागलं. निशाण बाहेर आलं की आजोबा थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि मी नाव वाचून दाखवायचो, कारण देवनागरी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मी म्हणायचो 'मालिश्का', ते माझा उच्चार दुरुस्त करायचे, आणि मग त्या गावाबद्दल काहीतरी सांगायचे, जे गायाने इंग्रजीत करायची. कुणाच्या द्राक्षाच्या मळ्यात चोरी केली, कुठल्या गावची वरात चिखलात अडकली. वारदान गाडीतून उतरून आत आला तेव्हा त्याचे बाबा येघेग्नाझोरपर्यंत पोचले होते. जेर्मुक त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला ठेवलं. मला ते 'वारपेत' म्हणू लागले. गायानेनं सांगितलं की वारपेत म्हणजे उस्ताद, कारागीर. (मी हे विभावरीला दोनदा सांगितलं. नंतर कळलं की नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ते वारपेतच म्हणाले. तोही चांगला कारागीर असणार.)

इथवर सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे झालं असं म्हणायला हरकत नाही. भांडण झालं ते अर्ताबुइंकवरून. उत्तरेचं रान कापून झालं, त्यांचं गाव बाहेर आलं, आणि आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी निशाण उपटलं आणि चार बोटं वर, डोंगराकडे नेऊन रोवलं. मी ते सभ्यपणे परत जागेवर आणलं. त्यांनी परत वर नेलं. मी गायानेला म्हटलं, त्यांना सांग की हे उपग्रहावरून मोजलंय. तिनं सांगितलं. आजोबांनी उत्तर दिलं, आणि ती ते इंग्रजीत सांगायला तयार होईना. शेवटी म्हणाली, "ते विचारतात, तुझा उपग्रह आमच्या गावात कितव्या घरात राहायचा?"

आठवडाभर हे चाललं. ऑफिसातून येताना मी निशाण खाली आणायचो, सकाळी ते वर गेलेलं असायचं. गोमुखी दरवाजालाही त्यांनी नावं ठेवली, मावळे मात्र आवडले, त्यांच्या डोक्यावरून रोज बोट फिरवायचे. विभावरी म्हणाली, अहो, त्यांचं गाव आहे, ठेवू दे त्यांना. मी म्हटलं, गाव त्यांचं असेल, माप माझं आहे. शेवटी त्यांनीच एक दिवस माझा खांदा दाबून मला खाली बसवलं, असं की माझी हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली आणि डोळा अर्ताबुइंकच्या जागेवर आला, म्हणजे माझ्या जागेवर. बोटानं वर दाखवलं. मी बघितलं. समोर डोंगराची सोंड. दुसरं काही नाही. मग त्यांनी माझं डोकं चार बोटं वर सरकवलं, आणि सोंडेच्या पलीकडे किल्ला दिसला, भालेवाल्यांसकट. गायाने म्हणाली, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ला दिसतो. वारदानची आई रोज तिथे उभी राहून चहा करायची. किल्ला दिसत नाही ते आपलं गाव नाही, असं ते म्हणतायत.

आता खरी गोष्ट तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही नाहीतरी चूक शोधणारच. माझी जागा बरोबर होती. उंची तिप्पट धरल्यामुळे मधली सोंडही तिप्पट चढली आणि तिनं किल्ला झाकला. याला चूक म्हणत नाहीत, हा प्रमाणाचा गुण आहे, कुठलाही जाणकार सांगेल. सोंड तासायला गेलो तर नदीचा उतार बिघडतो, उतार दुरुस्त केला तर वायक बुडतं. मग उठलो, खिशातून गोंद काढला, आणि अर्ताबुइंक चार बोटं वर पक्कं चिकटवलं. आजोबांनी लवाशच्या घडीत अळीव घालून मला दिलं. तिखट लागतं, मोहरीसारखं, पण वाईट नाही.

दोन आठवडे कधीच संपले. परतीचं तिकीट वारदाननं परस्पर पुढे ढकललं, आजोबांनी विचारलं नाही. जेर्मुकचा भाग परत पेरलाय, कारण तिथे ऊन कमी पडतं आणि वाढ सावकाश होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पीक निघेपर्यंत तरी ते हलत नाहीत, आणि ते निघेल तोवर पश्चिमेकडचं परत उगवलेलं असेल. बॅग कपाटावर गेली आहे. संध्याकाळी मी जातो, नावं वाचतो, ते चुका काढतात. खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या चुका काढतात मामा, एक काम करतील तर शपथ.

विभावरीचा तुम्हाला नमस्कार. गुडघ्याला शेक घ्या, आणि तो घेतलात की नाही हे आसावरीबाईंना कळू द्या, म्हणजे मला खरं कळेल.

तुमचा,
देवव्रत

ता. क. चांदवडच्या बाजारात मिळतं ते अळीव एक किलो लागेल. कुणाबरोबर पाठवू नका, हाताळणी नीट होत नाही. जाणत्या माणसानं स्वतः आणलेलं बरं.

ता. क. दुसरा. विभावरी म्हणते खरं काय ते लिहा. अळीव इथे वाण्याकडेच मिळतं, हे मी वर लिहिलंच आहे आणि तुम्ही ते पकडलं असणार. खरं असं की मी दुसरं टेबल केलंय. चांदवडचा डोंगर, इंद्राई, राजदेर, कोळदेर हे किल्ले, खालचा सगळा मुलूख, पोती चढवून प्लॅस्टर करून तयार आहे. उंची या वेळी तिप्पट धरलेली नाही. गावं लावायची राहिलीत. मी उपग्रहावरून लावू शकतो, पण आपल्या ओट्यावर बसलं की काय काय दिसायचं, हे उपग्रहाला माहीत नाही, आणि मला नक्की आठवत नाही. निशाणं कोरी ठेवली आहेत. तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याचं काढलंय, मुंबईहून, व्हीलचेअर सांगून ठेवली आहे (ती गुडघ्यासाठी नाही, रांग टळते म्हणून). परतीचं तिकीटही काढलंय, हवं तर आधी दाखवतो. हरांत आजोबांना सांगितलं की माझे मामा येतायत. त्यांनी विचारलं, त्यांना प्रमाण कळतं का. मी म्हटलं, नाही, पण वाकडं कळतं.

ता. क. शेवटचा. इथल्या द पर्ल नावाच्या बेटावरच्या एका हॉटेलच्या मॅनेजर नबीलाबाई वारदानकडे जेवायला आल्या होत्या. त्यांनी वायोत्स झोर बघितला आणि लॉबीत ठेवायला मागितला. वरून काचेचं झाकण बसवायचं, हिरवळ प्लॅस्टिकची करायची, आणि सगळी गावं नकाशाप्रमाणे बरोबर जागी हवीत, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या. वारदान माझ्याकडे बघत होता. आजोबा रिंदजवळचं अळीव खुडत होते. मी नाही म्हणालो. पंचवीस हजार रियाल देत होत्या.